शेवटची रांग

जिन्याखालचं पाहुण्यांचं टॉयलेट चार फूट लांब आहे. मी स्वतः मोजलंय, आणि मापात मी चुकत नाही. तरी हरसूलचे सोमनाथ मिस्त्री तीनदा म्हणाले, "ताई, फरशीची एक रांग कमी पडतीय."

तीनदा आणून दिली.

आज मी टेप घेऊनच दारात उभी राहिले. "टोक मागच्या भिंतीला लावा," म्हटलं. त्या भिंतीपलीकडे माझी स्कूटर उभी असते; खोली वाढून जाणार कुठे?

मिस्त्री टोक घेऊन आत गेले. चार फूट झाले. आठ झाले. सोळा फुटांचा टेप संपला, तरी हाताला ओढ लागतच होती.

"लागली का भिंत?"

फार लांबून उत्तर आलं. "दिसत नाय अजून. टोक तर मी मघाच सोडलं, ताई."