वरचा थर

सकाळी सात वाजता नाल्याचा पूर रस्त्यावरून उतरला. डांबर जसंच्या तसं होतं. मुखरू ढीवर मासेमारीचा बांबू घेऊन त्यावर चालत गेला. डोहाचा तळ चाचपावा तसा तो रस्ता ठोकत होता. मधोमध आवाज पोकळ आला.

पाहणीला आलेल्या अभियंत्याला तो म्हणाला, "साहेब, वरचा पापुद्राच उरला. खालची गिट्टी वाहून गेली. माही पोरगी रंजीता दुपारच्या बसनं येऊन राह्यली. बस थांबवा."

"खड्डा कुठे आहे? खड्डा दिसल्याशिवाय रस्ता बंद करता येत नाही."

सोबतचा मजूर हसला. "मुखरूभाऊ, तुले आता डांबराखाली बी मासे दिसून राह्यले का गा?"

अभियंत्याची जीप आल्या वाटेनं माघारी फिरली. मुखरूनं घरून लोखंडी सब्बल आणली आणि रस्त्याला वीतभर भोक पाडलं. त्यातून खांद्यापर्यंत हात घातला. खाली काहीच लागलं नाही.

अकरा वाजता सरकारी रस्ता फोडला म्हणून पोलिसांनी त्याला चौकीत नेलं. तिथंही तो एकच सांगत राहिला, "मले ठेवा इथी, पण बस थांबवा."

साडेबाराला हवालदारानं चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. "भेऊ नको भाऊ. मजुरायनं वर फळी ठेवून, मुरूम टाकून तुहा खड्डा बुजवला. रस्ता चालू हाये."

दोन वाजता आलापल्लीहून बस सुटली. रंजीता तिच्यात आहे.