दुपट्यावरची वेल

"ही वेल म्हणायची का गांडुळं?" टाळ पुसता पुसता अनसूयाबाईंच्या नवऱ्याने त्यांच्या सरावाच्या चिंधीकडे पाहून विचारलं.

अनसूयाबाई पुन्हा शिलाई मशीनवर बसल्या. भरतकामासाठी मशीनचे दाते खाली पाडले की कापड आपोआप सरकत नाही. हातानेच फिरवावं लागतं. पाय पळे, हात अडखळे, टाके वेडेवाकडे. परवा नातीचं बारसं होतं. दुपट्यावर वेल हवीच होती, तीही आजीच्या हातची.

"अहो, कीर्तनात बुवांचं पाऊल चुकत नाही ते तुमच्या टाळामुळेच. इथेही धरा की ठेका!"

ते हसले, पण टाळ वाजू लागले. अनसूयाबाई गुणगुणू लागल्या, "विठ्ठल विठ्ठल." पाय ठेक्यावर आला, पायामागे हात. चिंधीवर एक पान उमटलं, मग दुसरं, मग अख्खी वेल.

नवऱ्याने वेड्यावाकड्या टाक्यांच्या आधीच्या चिंध्या टाकायला उचलल्या.

"ठेवा. दुपट्याच्या पोटात घालते," त्या म्हणाल्या. "गांडुळांशिवाय वेल वाढते का कुठे?"