तेलाकडची बाजू

हातोडीचे तीन ठोके पडले आणि ती शेडच्या दारातल्या खुर्चीवरून म्हणाली, "अहो, थांबा."

तिचा नवरा थांबला नाही. चौथा ठोका घालून त्याने तेल अडवणारं रबरी ऑइल सील चाकाच्या हबमध्ये पुरतं बसवलं. मग चष्मा कपाळावर सरकवून आपल्या कामाकडे कौतुकाने पाहिलं.

ट्रॅक्टरचं पुढचं डावं चाक भिंतीला टेकवलेलं होतं. महिनाभर त्याच्या आतल्या अंगाने तेल पाझरत होतं. अ‍ॅक्सलचं सील गेलंय, हे तिने पहिल्याच दिवशी जमिनीवरचा डाग बघून सांगितलं होतं. पण सांगण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

या घरात ट्रॅक्टर तिचा होता. नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. मागेल तो पाना तिच्या हातात द्यायचा, आणि तोही निम्म्या वेळा चुकीचा, एवढाच त्याचा यंत्रांशी संबंध. चार महिन्यांपूर्वी ट्रॅक्टरवरून उतरताना ती पडली. उजव्या मनगटात एक प्लेट आणि सहा स्क्रू बसले. हाड जुळलं. आता हात वापरा, नाहीतर बोटं अशीच आखडून राहतील, असं डॉक्टरांनी बजावलं. तिने मान डोलावली आणि घरी येऊन हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. कपसुद्धा ती डाव्या हाताने उचलायची. दाबायला दिलेला रबरी चेंडू पहिल्याच दिवशी बोटांतून निसटून कपाटाखाली गेला. तिने तो काढू दिला नाही.

"एकदा मोडलेला भाग पहिल्यासारखा चालत नसतो," ती म्हणायची. "मी यंत्रं बघितलीत."

आता त्याने हब तिच्याकडे कलता केला. सीलच्या कडेची बारीक स्प्रिंग उन्हात चमकली.

"उलटं बसवलंत."

"सुलटंच आहे की. छापलेले आकडे आत गेलेत. कसं नीटनेटकं दिसतंय."

"आकडे बाहेर हवेत. स्प्रिंग तेलाकडे. संध्याकाळपर्यंत सगळं तेल जमिनीवर येईल."

"थोडंफार येणारच. आधीही येत होतं." तो चाकाकडे वळला. "लावून टाकतो."

ती उठली. "तुमच्या भूगोलात नद्या उलट्या वाहत असतील. माझ्या ट्रॅक्टरमध्ये तेल तसं वाहत नाही. व्हा बाजूला."

सीलच्या कडेखाली स्क्रूड्रायव्हर घालून तिने डाव्या हाताने जोर दिला. तो दोनदा सटकला. नवरा तिच्याकडे पाठ करून चाकाचे नट फडक्याने पुसत बसला होता. जमतंय का, असं त्याने विचारलं नाही.

तिने स्क्रूड्रायव्हर उजव्या हातात घेतला.

बोटं सावकाश मिटली. करंगळी जरा वरच राहिली. मनगटातून कळ आली तेव्हा तिने शिव्या घातल्या, त्याही नवऱ्याला. पुन्हा जोर दिला. कट्‌ असा आवाज होऊन सील वाकडंतिकडं होत बाहेर आलं.

"आता बसा," ती धापा टाकत म्हणाली. "असं उपसलेलं सील परत बसत नाही. आज दुकान बंद. ट्रॅक्टर उद्यापर्यंत तीन चाकांवर."

त्याने खुंटीवरच्या पिशवीत हात घातला, एक चपटं खोकं काढलं आणि तिच्यापुढे उघडलं. आत नवं कोरं सील होतं.

ती त्या सीलकडे बघत राहिली. "दोन आणली होतीत?"

"हो."

"दोन कशाला? या चाकाला एकच लागतं."

त्याने हातोडीचा दांडा तिच्या उजव्या हाताकडे केला.

"एक उलटं बसवायला."