एकोणचाळिसावं नाव

जुन्या दफनभूमीतल्या युद्धस्मारकावर अडतीस शिपायांची नावं होती. स्मारकाची डागडुजी निघाली, तेव्हा नगराध्यक्षांनी पाथरवटाला बोलावून घेतलं.

"खाली मोकळी जागा आहे ना? तिथे माझं नाव टाक. चांगलं ठसठशीत."

"साहेब, त्यासाठी वेगळी पाटी करतात. या दगडावर वरती लिहिलंय, 'रणांगणावर प्राण दिलेले'."

"वरचं कोण वाचत बसतंय! तू छिन्नी चालव, अक्कल चालवू नकोस."

पाथरवटाने मुकाट्याने छिन्नी चालवली. वर सोनेरी रंगही भरून दिला.

उद्घाटनाचे हारतुरे, भाषणं, फोटो सगळं आटोपलं, गर्दी पांगली. पाथरवट हत्यारं आवरत होता आणि नगराध्यक्ष आपल्या नावावरून रुमाल फिरवत होते. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली. अडतिसांतल्या एकाची ती धाकटी बहीण. दर वर्षी यायची आणि प्रत्येक नावाखाली एकेक फूल ठेवून जायची.

आज सोनेरी नावापाशी येईतो तिची फुलं संपली. तिने क्षणभर विचार केला, भावासमोरचं फूल उचललं आणि तिथे ठेवलं.

"तुमच्या घरातलं का हो कोणी?" तिने विचारलं.

नगराध्यक्षांनी रुमाल खिशात कोंबला आणि मान खाली घातली. पाथरवटाने हातातला हातोडा हळूच खाली ठेवला.

म्हातारीने नगराध्यक्षांच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

"नका वाईट वाटून घेऊ. कसा का असेना, शेवटी चांगल्या माणसांत जागा मिळाली त्याला."