उठवू नकोस

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा तपासणीचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर एक ढब्बू गोळा काढला. "ही चरबी," त्या म्हणाल्या. "आजोबा, तुम्हीही बघा. घरात सगळ्यांनाच कळायला हवं हे."

आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. एकतीस वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत हेच केलं होतं. उपाशी शरीर चरबी कशी जाळतं, ते शोधायचं. उंदीर उपाशी ठेवायचे, दर दोन तासांनी रक्त काढायचं, मोजायचं, पुन्हा मोजायचं. डॉक्टरीणबाईंना ते ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या फॉर्मवर त्यांच्या नावापुढे 'आजोबा' एवढंच लिहिलेलं होतं.

खाटेवर सहा महिन्यांची नात झोपली होती, पायाला सलाइन लावलेलं. सून कठड्याला धरून उभी होती. दोन दिवसांत तिला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"आपण जेवलो नाही की शरीर साठवलेली चरबी तोडतं," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "तुमच्या बाळात ती तोडणारं एक एंझाइम जन्मापासूनच नाही. लाकडं रचून ठेवलीत, पण कुऱ्हाडच नाही, असं समजा. एरवी कळतही नाही. पण सर्दी झाली, दूध कमी गेलं, वर रात्रभर उपाशी राहिली, की रक्तातली साखर संपते आणि मागे आधाराला काही उरत नाही." त्यांनी गोळ्यापासून बाणांची एक साखळी काढली आणि मधल्या एका बाणावर फुली मारली.

फुली एक पायरी पुढे पडली होती. आजोबांचा हात कागदाकडे निघाला. अर्ध्या वाटेवर त्यांनी तो मागे घेतला आणि गुडघ्यावर दाबून धरला. अशा वेळीसुद्धा आपल्याला चूक दिसते, आणि तीही दुसऱ्याची.

"समजलं ना, आजोबा?"

"हो."

"जरा किचकट आहे."

"नाही. छान समजावलंत."

डॉक्टरीणबाई सुनेकडे वळल्या. "आता तुम्ही मला एक सांगा. संध्याकाळी सातला पाजलंत, आणि सकाळी सातला बघता तर बाळ थंडगार. बारा तास. सर्दी झालेल्या बाळाला मध्ये एकदाही उठवावंसं वाटलं नाही?"

वाटलं होतं. त्या रात्री सून दोनदा त्यांच्या खोलीच्या दाराशी आली होती. "बाबा, नीट प्यायली नाहीये. उठवून पाजू का?" पहिल्यांदा ते हसले होते. दुसऱ्यांदा त्यांनी पुस्तकातून मान वर न काढताच सांगितलं होतं, "उठवू नकोस. झोपेची सवय मोडेल. अंगावर साठा असतो, तो जाळून घेतं शरीर. हेच शोधण्यात जन्म घालवलाय मी." मुलगा आतून ओरडला होता, "अगं, घरात अख्खं विद्यापीठ असताना तू कशाला काळजी करतेस?" सगळेच हसले होते. सूनही, थोडी.

आता सुनेनं मान वळवून आजोबांकडे बघितलं. रागानं नाही. उत्तर येत असलेल्या मुलाकडे वर्गात बाई बघतात ना, तसं.

आजोबा कागदावरच्या फुलीकडे बघत राहिले.

"झोप लागली मला," सून म्हणाली.

"पहिलंच बाळ का?"

"हो."

"आईची झोप कशी सावध हवी. मांजराची चाहूल लागली तरी जाग यायला हवी." डॉक्टरीणबाईंनी पेन खिशाला लावलं. "असो, रडू नका. वेळेवर आणलंत. यापुढे मोबाइलवर गजर लावून पाजायचं, आजारी असली की अंतर आणखी कमी, घड्याळाला धरून. आणि आजोबा, घरातलं मोठं माणूस म्हणून सांगते, तुम्ही जरा लक्ष ठेवा हिच्यावर."

आजोबांनी मान डोलावली. का डोलावली, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. डोलावून झाली होती.

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. मधला पडदा सरकला. सून बाळाच्या पायावरचं पांघरूण सारखं करत होती. ते सारखंच होतं.

"तू खरं का नाही सांगितलंस?" आजोबा हलक्या आवाजात म्हणाले. "मीच नको म्हणालो होतो."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते, बाबा."

आवाज साधाच होता. भाजी संपलीय, दूध उतू गेलं, असं सांगावं तसा. ते उठले. "मी जाऊन सांगतो त्यांना. आत्ता सांगतो."

"राहू दे. त्यांचं लिहून झालंय." पलीकडे खरंच फाइल मिटल्याचा आवाज आला. "बसा तुम्ही."

ते बसले. मग काहीतरी करावं म्हणून त्यांनी नातीकडे हात नेला, तिच्या मुठीत बोट द्यायला. सून मध्ये आली नाही. फक्त तिचं लक्ष त्यांच्या हातावर गेलं आणि हात परत फिरेपर्यंत तिथंच राहिलं.

तिनं मोबाइल काढला. एकेक गजर लावू लागली. सात, बारा. तिथं अंगठा थबकला. "आजारी असताना किती तासांनी?" ती स्वतःशीच पुटपुटली. "तीन की चार?"

"तीन," आजोबा म्हणाले. "तीनच. चार नको."

सुनेनं 'हं' केलं. गजर लावला नाही. मोबाइल तसाच हातात धरून ती पडद्याबाहेर गेली.

"सिस्टर," तिचा आवाज आला, "आजारी असताना किती तासांनी पाजायचं हो?"

आजोबा मान खाली घालून उत्तराची वाट बघू लागले.