सडेवाडीचे अकरा नमुने

"अकराच्या अकरा?" यशोदाने तिसऱ्यांदा विचारलं.

"अकराच्या अकरा," पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या. "एकाच प्रकारचा विषाणू. पेशी बदलायला लागल्याची खूणही सगळ्या कार्डांवर. मशीन बिघडलं असेल म्हणून आम्ही दोनदा तपासलं."

यशोदा काजू कारखान्याच्या पायरीवर बसली. ती आरोग्य खात्याची आशाताई. सडेवाडीसकट चार वाड्या तिच्याकडे, आणि चारही चढावर.

"म्हणजे कॅन्सर?"

"अजून नाही. पण आता थांबायचं नाही. तुमच्या बाकीच्या तीन वाड्यांत मिळून दोघी निघाल्या, आणि एका वाडीत अकरा. आमचे सर दोन दिवस दुसरं काही बोलतच नाहीत. परवा सकाळी गाडी पाठवतो, सगळ्यांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवा. आणि ताई, घाबरवू नका हं कोणाला."

पुण्यात बसून हे म्हणायला सोपं होतं.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची ती तपासणी होती. तिच्या कार्डाचा कागद नवा होता, त्याच्यावरच म्हणे पुण्याच्या लोकांची पाच वर्षं गेली होती. बाईने आपला नमुना आपणच कापसाच्या बोळ्यावर घ्यायचा आणि कार्डावर टेकवायचा. कागद तो सुकवून महिनाभर धरून ठेवतो. फ्रीज नको, डॉक्टर नको, टेबलावर पाय वर घेऊन झोपणं नको. हे शेवटचं यशोदाला फार पटलं होतं. तरी बाकीच्या वाड्यांत एकेका कार्डापायी तिला चार-चार फेऱ्या पडल्या. सासू घरात आहे, नवरा घरात आहे, उद्या ये.

सडेवाडीत मात्र राधाबाईने पिशवीच हातातून काढून घेतली. "तू जा गो. ह्या काय तुझ्यासमोर करूचा न्हय. मी गोळा करून देतंय." दुसऱ्या दिवशी अकराही कार्डं नावानिशी, रबर लावून तयार. त्या दिवशी यशोदा कित्येक महिन्यांनी दुपारी झोपली होती.

आता त्याच अकराजणींना सांगत फिरायचं होतं.

पहिलं घर सँड्रीनाचं. वाटभर यशोदाने वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. सँड्रीना कोंबड्यांना दाणे टाकत होती. ऐकून तिची मूठ मिटली ती उघडेना.

"पसरलाहा?"

"नाय. वेळेत गावला."

"राधाक सांगलंस?"

"नाय अजून. तुझ्यापासनाच सुरवात केलंय."

सँड्रीना आत गेली. थोड्या वेळाने मेणबत्तीचा वास आला. यशोदा कोंबड्यांसोबत उभी राहिली, मग पुढे निघाली.

लक्ष्मीने दारातच सगळं ऐकून घेतलं. "बरा होता मा ता?"

"होतला. लवकर उपचार झाले तर होतला."

"नक्की मा?" असं तिने चारदा विचारलं आणि पदर तोंडात धरून अशी रडली की यशोदाला तिच्याच मडक्यातलं पाणी तिला द्यावं लागलं. पाणी पिऊन लक्ष्मी म्हणाली, "राधाकडे जातलंस तेव्हा माका हाक मार. एकट्या जाव नको."

किशोरी म्हणजे पायातला काटा काढतानाही ओरडून वाडी गोळा करणारी बाई. ती आज नुसती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "राधाबाय काय म्हणता?"

यशोदाचे पाय दुखत होते, डोकं दुखत होतं. "तुमका सोताचा काय आसा की नाय गो? बचत गटाच्या अध्यक्षीणबायेक इचारल्याबिगर आजारय पडूचा नाय तुमका?"

किशोरीने दोरीवरचं लुगडं ओढलं आणि घडी घालायला घेतली.

दहा घरं झाली तेव्हा उन्हं उतरली होती. लक्ष्मीला हाक मारायचं यशोदा विसरली, किंवा तिच्यात परत तेवढं मागे जायचं बळ नव्हतं. राधाबाई पडवीत काजूगर निवडत बसली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी दहावीला. कारखाना सुटला की ती घरी हे काम आणी. तिची बोटं कधी स्वस्थ बसलेली कोणी पाहिली नव्हती.

"बस गो. तोंड उतरलाहा तुझा. खंय फिरतंस उनातना?"

यशोदाने सांगितलं. आतापर्यंत ते पाठ झालं होतं.

राधाबाईची बोटं थांबली.

"सगळ्यांचा एकच इला?"

"एकच."

"किशोरीचा? लक्ष्मीचा?"

"सगळ्यांचा. जरा म्हणान फरक नाय. पुण्याची माणसा पण चक्रावलीहत."

राधाबाईने सुपातला एक फुटका गर उचलून बाजूला टाकला.

"गाडी कितीक वाजता?"

"परवा सात वाजता. येतलंस मा?"

"येतलंय. चाय घेतंस?"

दोन दिवस यशोदाला एकच धास्ती. गाडी येईल आणि वाडी आतून कड्या लावून बसेल. नुसत्या कार्डांच्या वेळी जिने वीस बहाणे ऐकले, तिला हॉस्पिटलच्या वेळी किती ऐकावे लागतील.

पण ती सात वाजता वळणावर पोचली तेव्हा अकराहीजणी गाडीपाशी उभ्या होत्या. एकही कमी नाही. यशोदाचा जीव भांड्यात पडला.

लक्ष्मीच्या हातात पेजेचा डबा होता. किशोरीने नवीकोरी चादर आणली होती. सँड्रीनाने गळ्यातला क्रूस काढून राधाबाईच्या मुठीत दाबला आणि म्हणाली, "चेडवाची काळजी करू नको. ता माझ्याकडे जेवतला."

राधाबाई गाडीत चढली. डबा घेतला, चादर घेतली. बाकीच्या दहाजणी रस्त्यावरच उभ्या राहिल्या. कोणी यशोदाकडे बघेना.

मितेश ड्रायव्हरने हातातली यादी उलटसुलट केली. "अकरा नावा आसत हयसर. बाकीची?"

राधाबाईने दार ओढून घेतलं.

"अकराय बसली रे," ती म्हणाली. "चल."