चमचाभर

पाहुण्या डॉक्टरबाई यंत्रासमोर बसल्या होत्या आणि दादाच्या तोंडाचा पट्टा चालू होता. औषधाचा थेंब या चांदीच्या चकतीवर टाकायचा, लेझर सोडायचा. विष असेल तर पडद्यावरच्या रेघेला सुळके फुटतात. आणि चकत्या पाकिटात वर्षभर टिकतात, तो म्हणाला.

वर्षभर! धाकट्या बहिणीच्या डोक्यात तिडीक गेली. चकत्या ती बनवत असे. त्यांच्यावरचे चांदीचे काटे इतके बारीक की डोळ्यांना दिसतही नाहीत. चांदीची वाटी कपाटात काळी पडते, तसे हे काटेही गंधकाने मरतात, फक्त फार लवकर; मग विष असले तरी रेघ सपाटच राहते. दादा तर पाकिटांचे गठ्ठे रबरबँडने बांधून ठेवायचा. रबरात गंधक असते, हे सांगून तिचे तोंड दुखले होते. त्याचे उत्तर ठरलेले: पाहुण्यांसमोर ताजी लाव, म्हणजे झालं.

आज तिने ताजी लावली नाही. विक्रीच्या खोक्यातल्या गठ्ठ्यातून एक पाकीट ओढले, चकती बसवली आणि बाटलीतल्या सिरपचा थेंब तिच्यावर सोडला.

रेघ सपाट. खाली हिरवी अक्षरे उमटली: सुरक्षित.

"बघा," दादा खुलला. "एकदम शुद्ध. बिनधास्त द्या पोरांना."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. वॉर्डातल्या लेकरांसाठीच त्या यंत्र घ्यायला आल्या होत्या.

बहिणीने त्याच बाटलीतून चमचा भरला. तिने चमचा दादाच्या तोंडासमोर धरला.

"हे काय आता नाटक?" तो पाहुण्यांकडे बघत हसला.

"सकाळी मीच यात विष कालवलंय," ती म्हणाली. "चकती तुझ्या खोक्यातली आहे, वर्षभर टिकणारी. तुझं यंत्र म्हणतंय सुरक्षित. मग घे ना, दादा."

दादाचे हसू मावळले. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. लहानपणी कडू औषध दिसले की मिटायचा, अगदी तसेच.

डॉक्टरबाईंनी पडद्याकडे पाहिले, मग चमच्याकडे.

"वॉर्डातली पोरं असं करतात तेव्हा आम्ही नाक दाबून पाजतो," त्या म्हणाल्या. "तुमचं नाक कोणी दाबायचं?"